डाव्या पायाचा रकाना: कॉलेज फुटबॉल संघ, हंगाम २०२४

१ जुलै २०२४, सोमवार

चाचणी झाली. ३४ मुलं आली होती, २२ ठेवली. पावसानं मैदानाची एक बाजू पूर्ण गेली आहे, म्हणून उरलेल्या अर्ध्यात सात-सात जणांचे सामने लावले. बॉल नऊ आहेत, पैकी तिनांत हवा टिकत नाही. जिमखान्याकडं सहा नव्या बॉलांची मागणी दिली.

यंदा ही वही रोज लिहायची. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तेव्हा प्राचार्यांनी कारण विचारलं. मी दहा मिनिटं बोललो आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य मला सिद्ध करून दाखवता आलं नसतं. वहीत नावं लिहिणार नाही, ती ग्राउंडवर कुणाच्याही हातात पडते. जर्सीचे नंबर पुरेत.

२२ पैकी १७ मुलं कुठल्या ना कुठल्या तालमीच्या संघातून खेळतात. सहा नंबर गडहिंग्लजचा, रोज पहाटेच्या एसटीनं येण्याची त्याची तयारी आहे. त्याला कॅप्टन करावं असं पहिल्याच दिवशी मनात आलं. कारण लिहून ठेवतो: तो कोल्हापुरातल्या कुठल्याच पेठेचा नाही.

८ जुलै, सोमवार

फिफा ११+ हा दुखापती टाळायचा वॉर्म-अप सुरू केला. १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं. आधी संथ धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगातलं धावणं. गेल्या हंगामात तीन मुलं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरून बाहेर बसली होती, त्यामुळं यंदा यात तडजोड नाही.

त्यातला नॉर्डिक नावाचा व्यायाम मुलांना नवीन होता. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढं झुकायचं. मांडीच्या मागचा स्नायू लांबत असतानाच ताण पेलतो, आणि जोरात धावताना तो दुखावतो तो अशाच अवस्थेत. जोर-बैठका काढत वाढलेली पोरं आहेत. पहिल्यांदा त्यांना हे किरकोळ वाटलं, तिसऱ्या वेळेला बहुतेक सगळे छातीवर आले. त्यानंतर मात्र त्यांनी तो मनावर घेतला. कुस्तीच्या आखाड्यातून आलेली शिस्त अंगात असली की व्यायाम एकदाच समजवावा लागतो.

१६ जुलै, मंगळवार

डावी बाजू चालत नाही.

गोली बॉल छोटा देतो. २०१९ पासून गोल-किक गोलसमोरच्या बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला घेता येते, म्हणून आमचा डावा बॅक, तीन नंबर, बॉक्सच्या कोपऱ्यात थांबतो. तो बॉल घेतो, मान वर करतो, समोर रेषेला चिकटून अकरा नंबर हात वर करून उभा असतो. आणि तीन नंबर बॉल परत गोलीकडं तरी देतो, नाहीतर मध्ये सहा नंबरकडं. आज हे मी किमान दहा वेळा पाहिलं. अकरा नंबर शेवटी ओरडला, "आरं, मी हितं काय शोभंला उभा हाय काय?" तीन नंबर काहीच बोलला नाही.

तीन नंबर मंगळवार पेठेतला, अकरा नंबर शिवाजी पेठेतला. गेल्या हंगामात दोघांच्या तालमी एकमेकींसमोर होत्या आणि तो सामना चांगला संपला नव्हता. मला आणखी काही शोधायची गरज वाटली नाही.

उद्या आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आलेत. निम्मी पोरं नंदवाळच्या दिंडीला, काही तालमीतल्या पंजांच्या कामाला. सराव बंद.

१९ जुलै, शुक्रवार

संख्याशास्त्र विभागातली एक विद्यार्थिनी भेटायला आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे, आणि पुस्तकातले आकडे घेण्यापेक्षा स्वतः मोजलेले हवे आहेत, असं म्हणाली. आजऱ्याकडची. फुटबॉल कधी खेळलेली नाही, नियम विचारून घेतले. कोण कुणाला पास देतं ते मोजायचं ठरलं. तिनं २२ बाय २२ चा तक्ता आखून आणला.

तिला मुलं एकमेकांना पेठेच्या नावानं का हाक मारतात ते कळेना, म्हणून थोडं सांगितलं. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची. शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं कुस्ती वाढली, पेठांपेठांत तालमी उभ्या राहिल्या, आणि पुढं याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. पेठेत पोरगं चालायला लागलं की त्याला आपला संघ कुठला हे ठाऊक असतं. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे (केएसए) सामने लागले की घरातली म्हातारी माणसंसुद्धा निकाल विचारतात. हे सांगताना माझाच आवाज वर गेला. मी स्वतः शिवाजी पेठेतला आहे, अकरा वर्षं तालमीच्या जर्सीत खेळलो.

तिनं सगळं ऐकून विचारलं, "मग सर, तक्त्यात पेठेचा रकाना घालू काय?" मी म्हटलं, "घाल." ती जरा थांबली आणि म्हणाली, "नको. आधी नुसतं मोजतो, मग बघू."

२७ जुलै, शनिवार

पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. चार दिवस सराव नाही. मुलं आपापल्या तालमीच्या पोरांबरोबर लोकांचं सामान हलवतायत. सुतारवाड्यात पाणी सगळ्यात आधी येतं, तिथं तीन-चार जण पहिल्या दिवसापासून आहेत. गोलीचं घर खाली आहे, ते पाहुण्यांकडं गेले. त्याला फोन केला तर म्हणाला, "ग्लोव्हज वर ठेवलेत सर, काळजी करू नका."

सहा नंबर गडहिंग्लजला अडकला आहे.

१ ऑगस्ट, गुरुवार

जिमखान्याच्या हॉलमध्ये बसून गेल्या वर्षीच्या सामन्यांवर बोलत होतो. दुपारी अचानक सगळे एका मोबाईलभोवती गोळा झाले. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. हॉलमध्ये जो आवाज झाला तो प्राचार्यांच्या खोलीपर्यंत गेला असणार.

शांत झाल्यावर दोन नंबर म्हणाला, "सर, त्यो एकटाच असतोय की तिथं. पास कुणाला द्यायचा हे टेन्शन नाही." सगळे हसले. मला मात्र आठवत राहिलं की गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून अशा तिन्ही अवस्थांत त्याला तीच रायफल पेलायची असते, आणि उभ्याची मालिका शेवटी येते, दमल्यावर.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आज त्यांची जयंती. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेलं थिएटर, शेजारी खासबाग मैदान, तिथल्या व्यासपीठालाही झळ लागली. सकाळी साडेसहाला अठरा मुलं आली पण कुणाचंही लक्ष नव्हतं. दोघं-तिघं रात्रभर तिथंच होते, अंगाला धुराचा वास येत होता. मी शिट्टी वाजवलीच नाही. सगळे मिळून चालत तिकडं गेलो. माझ्या वडिलांनी मला पहिली कुस्ती खासबागेत दाखवली होती. मुलांना ते सांगितलं. आणखी काही सांगता आलं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

महिनाभर डाव्या बाजूवर जे केलं त्याचा हिशेब:

तीन नंबर आणि अकरा नंबर यांना वॉर्म-अपला जोडी लावली. नॉर्डिकला एकमेकांचे घोटे धरायला लावले. दर शनिवारी सरावानंतर सगळ्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायला लागलो, म्हशी समोर उभ्या आणि फेसाळ दुधाचे पेले हातात, तिथं कुणी फार वेळ रुसून राहत नाही. दोघांना एकाच मोटरसायकलवर पाठवलं. मागच्या आठवड्यात सगळ्या संघाला खाली बसवून अर्धा तास बोललो. कॉलेजची जर्सी घातली की पेठ घरी ठेवायची, असं म्हणालो. पोरं मान खाली घालून ऐकत होती. तीन नंबर जमिनीकडं बघत गवत उपटत होता.

दोघं आता बरं बोलतात. पास मात्र अजूनही जात नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

विद्यापीठ परिसरातल्या एका कॉलेजबरोबर सराव सामना, १-१. आज पहिल्यांदा पूर्ण सामन्याची मोजणी हातात आली. तीन नंबरच्या पायात बॉल ४१ वेळा आला. अकरा नंबरला त्यानं पास दिला ४ वेळा. गोलीला ११, सहाला १४.

चार! आकडा कागदावर बघितल्यावर मला राग आला. सरावानंतर तीन नंबरला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुला नक्की काय अडचण आहे त्याच्याशी?" तो म्हणाला, "काय नाही सर." मी म्हटलं, "मग बॉल का जात नाही?" तो परत म्हणाला, "काय नाही सर." मी त्याला पुढचा सराव सामना बाहेर बसवायचं ठरवलं आणि तसं सांगितलंही.

नवे बॉल आले. सहा मागितले होते, चार मिळाले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणेश चतुर्थी. विसर्जनापर्यंत पूर्ण सराव होणार नाही हे मी दरवर्षी मान्य करतो. ही मुलं मंडळाचे खांब आहेत, आरास तीच उभी करतात, मिरवणुकीत तीच पुढं असतात. प्रत्येकानं घरच्या घरी नॉर्डिक आणि रोज वीस मिनिटं धावणं, एवढंच कबूल करून घेतलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन मंगळवारी. मिरवणूक नेहमीप्रमाणं दुसऱ्या दिवशी, बुधवारपर्यंत चालली. आज सराव ठेवला, नऊ मुलं आली, त्यातल्या चौघांचा आवाज बसलेला. हलकं धावणं आणि घरी.

२१ सप्टेंबर, शनिवार

आजची नोंद मोठी होईल.

सराव सामना आपसात होता. संख्याशास्त्राची ती मुलगी वही घेऊन रेषेबाहेर बसली होती. मध्यंतरात माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? तीन नंबर डाव्या पायानं कधी मारतो काय?"

मी म्हटलं, मारत असेल की.

"न्हाई सर. गेल्या तीन सामन्यांत मी पायाचा वेगळा रकाना केलो होतो. उजवा, डावा. डाव्याचा रकाना रिकामा हाय. एकदाबी नाही."

मी तिच्या हातातली वही घेतली. तीन सामने, शंभराच्या पुढं स्पर्श, आणि डाव्या पायाच्या रकान्यात एकही रेघ नाही. उत्तरार्धात मी बाकी सगळं सोडून फक्त त्याच्या पायांकडं बघितलं.

काय होतंय ते असं. तो पूर्ण उजवा आहे. बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात बॉल आला की तो उजव्या पायानं थांबवतो, आणि त्यामुळं त्याचं अंग आत, मैदानाच्या मध्याकडं वळतं. रेषेला चिकटलेल्या अकरा नंबरला सरळ पास द्यायचा तर बॉल डाव्या पायानं जायला हवा. उजव्यानं द्यायचा तर आधी बॉल अंगाखालून बाहेर काढायचा, एक जादा स्पर्श, आणि तेवढ्यात समोरच्याचा फॉरवर्ड अंगावर आलेला असतो. तो पास कापला गेला तर समोर गोलीशिवाय कुणी नाही. म्हणून तो देत नाही. आत सहा नंबरला किंवा मागं गोलीला देतो, कारण ते दोन पास उजव्या पायाला सहज आहेत. या मुलानं पेठेचा विचार कधी केलाच नव्हता. त्याला जे सुरक्षित दिसत होतं ते तो करत होता, आणि ते बरोबरही होतं.

गेल्या वर्षीचा डावा बॅक पदवी घेऊन गेला, डावखुरा कुणी नव्हता, म्हणून याला मीच तिथं टाकला होता. जुलैमध्ये. मीच.

सरावानंतर त्याला विचारलं, "डाव्या पायानं पास द्यायला भीती वाटते का?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मी लहानपणापासून उजवीकडंच खेळलोय. तुम्ही डावीकडं टाकला तेव्हा वाटलं, नाही म्हटलं तर बाहेर बसवाल."

आणि मी त्याला बाहेर बसवलंच होतं, ऑगस्टमध्ये, भलत्याच गुन्ह्यासाठी. त्याची माफी मागितली. त्याला ऐकून अवघडल्यासारखं झालं, पायानं माती उकरत राहिला.

त्या मुलीनं पेठेचा रकाना का नको म्हटलं ते आज समजलं. तो रकाना असता तर मी फक्त तोच वाचला असता. चाळीस वर्षं मी या गावात फुटबॉल बघतोय. इथं कुणी कुणाला पास दिला नाही तर पहिलं कारण पेठ हेच मनात येतं, मलाही तेच आलं, आणि त्या कारणानं माझे दोन महिने खाल्ले.

२८ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर एकच काम. दोन आठवड्यांत डावा पाय तयार होत नाही, म्हणून तीन नंबरला बदलायच्या ऐवजी अकरा नंबरची जागा बदलली.

अकरा नंबर आता रेषेवर थांबत नाही. गोली बॉल ठेवतो तेव्हा तो आत सरकतो, समोरच्या संघाचा उजवा बॅक आणि त्यांचा हाफ यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. तिथं तीन नंबरचा उजव्या पायाचा पास तिरका, आतल्या बाजूनं, सहज जातो. रेषेवरची जागा रिकामी झाली की आठ नंबर बाहेरून पळतो. अकरा नंबर पहिल्याच स्पर्शात त्याला बॉल सोडतो. तीन पास, आणि आपण अर्धं मैदान ओलांडलेलं असतो.

अवघड गेलं ते अकरा नंबरला. रेषेवर त्याच्यामागं कुणी नसतं. आत आल्यावर पाठीमागून धक्का येतो, बॉल घ्यायच्या आधी खांद्यावरून मागं बघावं लागतं. बुधवारी तीनदा बॉल गेल्यावर तो वैतागला. तेव्हा तीन नंबरनं स्वतःहून त्याला सांगितलं, "मागं माणूस असला की मी 'मागं' म्हणून ओरडतो. नसला तर 'वळ'." मी हे शिकवलं नव्हतं. गुरुवारपासून मैदानावर "वळ, वळ" ऐकू यायला लागलं.

आजच्या मोजणीत तीनकडून अकराला १३ पास.

७ ऑक्टोबर, सोमवार

विभागीय स्पर्धा सुरू. बाद पद्धत, तीन दिवसांत तीन सामने खेळावे लागणार. पहिला सामना ३-० जिंकलो. दोन गोल डावीकडून.

८ ऑक्टोबर, मंगळवार

२-१. मैदान जड होतं. नऊ नंबरचा घोटा सुजला आहे, बर्फ लावला. पोरं दमली आहेत पण हॅमस्ट्रिंगची एकही तक्रार नाही.

रात्री सहा नंबर जिमखान्यातच झोपला, गडहिंग्लजला जाऊन परत येण्यात सकाळ गेली असती. त्याला घरचा डबा दिला.

९ ऑक्टोबर, बुधवार

उपांत्य सामना. १-१, टायब्रेकरमध्ये ३-४. हंगाम संपला.

पूर्वार्धातला गोल मला मरेपर्यंत आठवेल. गोलीकडून तीन, तीनकडून आत अकरा, "वळ" ही हाक मला बाकावर ऐकू आली, अकराकडून बाहेर पळणारा आठ, त्याचा मागं खेचलेला बॉल, आणि सुजलेल्या घोट्याच्या नऊ नंबरनं तो आत ढकलला. पाच स्पर्शांत गोल.

उत्तरार्धात त्यांनी आमच्या डाव्या बाजूला एक ताजा, वेगवान विंगर उतरवला. शेवटची वीस मिनिटं राहिली होती. मला भीती वाटली. मी अकरा नंबरला ओरडून सांगितलं, "रेषेवर जा, त्यांच्या बॅकला धर." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी परत ओरडलो. तो गेला.

चार मिनिटांनी गोल-किक. गोलीनं सवयीनं तीन नंबरला दिली. त्यानं आत बघितलं, तिथं कुणी नव्हतं. अकरा नंबर रेषेवर होता, जुलैसारखा. तीन नंबरनं बॉल अंगाखालून बाहेर काढायला जादा स्पर्श घेतला आणि त्या विंगरनं तो काढून घेतला. १-१.

गॅलरीत माझ्या मागंच कुणीतरी म्हणालं, "मंगळवारचा हाय, दुसरं काय करणार." दोघं-तिघं हो म्हणाले. मी ते स्पष्ट ऐकलं. मागं वळून बोलायला हवं होतं, की ती जागा मी रिकामी केली, त्या पोराची चूक नाही. मी वळलो नाही, सामना चालू आहे असं स्वतःला सांगितलं.

टायब्रेकरमध्ये सहा नंबरचा बॉल खांबाला लागला. शेवटी सगळे त्याच्याभोवती गेले. तीन नंबर गोलपोस्टजवळ एकटा बसला होता, तोंडावर जर्सी ओढून. त्याच्याकडं पहिल्यांदा अकरा नंबर गेला, मी गेलो ते नंतर. आणि गेल्यावरही मी फक्त पाठीवर हात ठेवला. "चूक माझी होती" हे वाक्य तेव्हाच म्हणायला हवं होतं, सगळ्यांसमोर, त्याच जागेवर. मी नाही म्हटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाल्यावर सगळ्यांना बोलावलं. २२ पैकी २० आले. त्या मुलीनं उपांत्य सामन्याचा तक्ता दोन भागांत मांडून आणला होता: मी ओरडलो त्याच्या आधी आणि नंतर. आधी तीनकडून अकराला ९ पास. नंतर शून्य. मी तो फळ्यावर लावला आणि जे वहीत लिहिलंय ते सगळं सांगितलं. गॅलरीतलं वाक्यसुद्धा.

कुणी काही बोलेना. मग अकरा नंबर म्हणाला, "सर, मला माहीत होतं तिथं जाऊ नये. पण तुम्ही दोनदा ओरडला."

हे त्या दिवशी मैदानावर म्हणायची मोकळीक त्याला असायला हवी होती. ती मी दिली नव्हती. जुलैपासून मी त्यांच्या दोघांमधल्या बोलण्यावर काम करत होतो, माझ्याशी त्यांनी कसं बोलावं याचा विचारच केला नाही. तीन नंबरनंही जुलैमध्ये डाव्या जागेला नाही म्हटलं नव्हतं, कारण तेच.

पाच दिवस उशीर झाला. ते पाच दिवस तीन नंबर पेठेत बाहेर पडला नव्हता, हे त्याच्या मित्रानं सांगितलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

विद्यापीठ संघाच्या शिबिरासाठी आपले तिघं: गोली, सहा नंबर आणि तीन नंबर. तीन नंबरला निवड समितीनं उजवा बॅक म्हणून बघितलं आणि पहिल्याच दिवशी घेतलं. आपल्याकडं उजवा बॅक आधीच होता म्हणून मी त्याला तिथं कधी खेळवलाच नाही.

सहा नंबरला शिबिराच्या काळात कोल्हापुरात राहायची सोय लागणार. जिमखान्याला पत्र दिलं.

६ जानेवारी २०२५, सोमवार

प्रकल्पाची प्रत मिळाली, ६४ पानं. पहिल्या पानावर तिनं मोजणीचे नियम लिहिलेत: काय मोजलं, काय मोजलं नाही, आणि का. त्यात एक ओळ आहे की खेळाडूचं राहण्याचं ठिकाण मुद्दाम नोंदवलेलं नाही. तिला विचारलं, पुढच्या वर्षी कुणाला मोजणी शिकवशील का. म्हणाली, "शिकवतो की सर. पण त्याला फुटबॉल येत नसला तर बरं."

पुढच्या जुलैच्या चाचणीत प्रत्येकाला दोन्ही पायांनी दहा-दहा पास मारायला लावायचे आणि सगळ्यात आधी विचारायचं, तुला कुठं खेळायचंय.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी शाहू स्टेडियमवर गेलो. गॅलरी भरलेली, पेठांचे झेंडे, हलगी. आज दोघं समोरासमोर होते, आपापल्या तालमीच्या जर्सीत. तीन नंबर उजव्या बॅकला, म्हणजे अकरा नंबर थेट त्याच्याच बाजूला.

मी कुठल्या बाजूच्या गॅलरीत बसावं याचा क्षणभर विचार केला आणि कॉर्नरजवळ उभा राहिलो.

अकरा नंबर रेषेवर थांबलाच नाही. आत सरकून बॉल मागत होता, खांद्यावरून मागं बघत होता. तीन नंबरला ते सगळं माहीत होतं, तो आधीच आत येऊन त्याची वाट अडवत होता. एकदा अकरा नंबर वळलाच आणि त्याला चुकवून गेला, तेव्हा शिवाजी पेठेची गॅलरी उठून उभी राहिली. दोनदा तीन नंबरनं त्याच्या पायातून बॉल स्वच्छ काढला. धक्काबुक्की नाही, एकही कार्ड नाही.

उत्तरार्धात एक बॉल उसळून तीन नंबरच्या डाव्या बाजूला आला. अंगावर माणूस होता. त्यानं तो डाव्या पायानंच मारला, पुढं, रेषेच्या दिशेनं. लांब गेला, थ्रो-इन झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी खिशातून वही काढली आणि त्या रकान्यात एक रेघ मारली.